होले : पाणवठ्यावरील निरीक्षण (थर वाळवंट)

होला हा कबुतराच्या कुळातला पक्षी. त्याचा आहार जवळजवळ सगळा कोरड्या बियांचा, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला रोज पाणी लागते. जैसलमेर-बाडमेर भागात पाणी मोजक्याच जागी असते : नाडी (गावतळे), टोबा (पाणी साचणारी नैसर्गिक खोलगट जागा) किंवा वन्यप्राण्यांसाठी बांधलेली उथळ टाकी. एरवी रानभर विखुरलेले होले (राजस्थानीत कमेडी) इथे एकत्र दिसतात. एप्रिल ते जून हा चांगला काळ. पहिल्या पावसानंतर खोलगट जागी पाणी साचते आणि पक्षी पांगतात.

उजाडल्यानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा तासभर महत्त्वाचा. अर्धा तास आधी, पाण्यापासून 25-30 मीटरवर, ऊन पाठीशी घेऊन बसावे. ऊन समोर असेल तर नुसती काळी आकृती दिसते. मचाणाची गरज नाही. मळकट रंगाचा बुटका आडोसा पुरतो. तो झाड आणि पाणी यांच्या मध्ये मात्र नको.

नजर पाण्यावर नव्हे, झाडावर ठेवावी. होला आधी जवळच्या खेजडीच्या (शमीच्या) झाडावर किंवा केर नावाच्या काटेरी झुडपावर बसतो, मान वळवून चौफेर बघतो. शिक्रा किंवा तुरुमती असा शिकारी पक्षी जवळपास असेल तर कितीतरी वेळ उतरतच नाही. एक उतरला की मागोमाग बाकीचे. पाणी पिणे काही सेकंदांचे : चोच बुडवायची आणि मान न उचलता ओढून घ्यायचे. चिमणीसारखी घोटाघोटाला मान वर जात नाही. हे दृश्य 8×42 दुर्बिणीतून पाहावेच.

पठाणी होला सर्वांत मोठा (सुमारे 32 सेंमी), फिकट राखाडी, मानेमागे काळी अर्धकडी. छोटा तपकिरी होला 26-27 सेंमी, छातीवर काळे ठिपके. लाल होला त्याहून लहान, नर विटकरी. मादी रंगाने पठाणी होल्यासारखी वाटते आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. दोघांनाही अर्धकडी असते, म्हणून आकार आणि शेपटीची लांबी पाहावी. मादीची शेपटी आखूड.

दचकून उडालेले पक्षी परत येतात, त्यामुळे उतरणारे सगळे मोजले तर आकडा फुगतो. दर 10 मिनिटांनी एका वेळी दिसलेली कमाल संख्या जातवार लिहावी.

झाडावरचे पक्षी पंधरा मिनिटे खाली येत नसतील आणि शिकारी पक्षीही दिसत नसेल, तर आपण फार जवळ आहोत असे समजून मागे सरकावे. 45 अंशांच्या दिवशी एक हुकलेली खेपही त्यांना जड जाते. टाक्याचा काठ उभा असेल तर होल्याची चोच पाण्याला टेकत नाही. आत चपटे दगड रचून उतार करून द्यावा.