आयटीआय केली नाही म्हणून प्रमाणपत्र मिळत नाही, हे खरे नाही

जालना असो की लातूर, अनुभवी गवंड्यांना, वेल्डरांना वर्षानुवर्षे एकच सांगितले जाते : आयटीआय झाली नसेल, तर हातात कितीही कसब असो, सरकारमान्य प्रमाणपत्र मिळायचे नाही. हा समज चुकीचा आहे, आणि त्याने कसबी माणसांचे नुकसान होते. २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्यात कौशल्य कोठे शिकले यापेक्षा काय करता येते याला महत्त्व आहे. त्याच तत्त्वावरची पूर्वकौशल्याची मान्यता (आरपीएल), म्हणजे आधीच अंगी असलेले कसब तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून आहे.

यात वर्षभर वर्गात बसावे लागत नाही. थोड्या तासांच्या पूर्वतयारीनंतर गवंड्याची प्रत्यक्ष परीक्षा होते. ओळंब्याला भिंत सरळ उतरते का, विटांचे उभे सांधे एकावर एक आले नाहीत ना, एकास सहाचा माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) नीट कालवला आहे का, अशा गोष्टींवरच, म्हणजे तो रोज करतो त्याच कामावर, त्याचा कस लागतो.

मात्र हे प्रमाणपत्र आयटीआयच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही, हे अर्ज करण्यापूर्वीच समजून घ्यावे.