सोमवारचा संदेश, बुधवारचा अनुवाद

१० सप्टेंबर २००१, सोमवार. अमेरिकेच्या एनएसए या टेहळणी संस्थेने त्या दिवशी दोन अरबी संदेश पकडले. एकाचा अर्थ होता ‘सामना सुरू होणार आहे’, दुसऱ्याचा ‘उद्या शून्य प्रहर’. त्यांचा इंग्रजी अनुवाद हाती आला बुधवारी, १२ तारखेला. मधल्या मंगळवारी काय घडले ते सगळ्यांना ठाऊक आहे. संदेशांत ना ठिकाण होते ना नेमकी वेळ, त्यामुळे ते सोमवारीच वाचले असते तर हल्ला टळला असता असे म्हणता येणार नाही. पण ऐकायची यंत्रे भरपूर आणि ऐकून समजणारे कान कमी, ही त्या देशाची जुनी अडचण त्या दोन दिवसांत उघडी पडली.

आज हा विषय निघाला की हमखास प्रश्न येतो: आता मोबाइलच अनुवाद करतो, मग सरकारने परकीय भाषा शिकवण्यावर खर्च कशाला करायचा? अमेरिकेत हा प्रश्न नुसत्या गप्पांचा राहिलेला नाही. विद्यापीठांतल्या परकीय भाषा केंद्रांना पैसे देणारे शिक्षण खात्याचे कार्यालय २०२५ मध्ये जवळजवळ रिकामे करण्यात आले आणि पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तो निधीच बंद करण्याचा प्रस्ताव आला. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. माझ्या या मतामागे राजकारण कमी आणि आपल्या कानाची रचना जास्त आहे.

‘पाप’ आणि ‘बाप’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणा. ‘बाप’ म्हणताना ओठ उघडण्याआधीच घशात स्वरतंतू थरथरू लागतात. ‘पाप’ म्हणताना ओठ उघडतात आणि जवळपास त्याच क्षणी थरथर सुरू होते. ‘फळ’ मधला जुना, ओठ मिटून म्हटलेला ‘फ’ घ्या: ओठ उघडतात, हवेचा झोत बाहेर पडतो आणि थरथर जरा उशिराने येते. ओठ उघडणे आणि स्वरतंतू हलू लागणे यांतले हे अंतर काही हजारांश सेकंदांचे असते. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या दोन भाषावैज्ञानिकांनी १९६४ मध्ये अकरा भाषांत ते मोजले. त्या अकरांत मराठीही होती.

इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘ब’ मध्ये हे अंतर बहुधा शून्याच्या आसपास असते आणि ‘प’ मध्ये सुमारे ६० हजारांश सेकंद. म्हणजे मोजमापाने पाहिले तर त्यांचा ‘ब’ आपल्या ‘प’ पाशी येऊन बसतो. म्हणून फक्त इंग्रजी जाणणाऱ्याला आपला ‘पाप’ हा ‘बाप’ सारखा ऐकू येऊ शकतो. त्याचे कान अधू नसतात. त्याच्या मेंदूने शून्य ते ६० या पट्टीवर साधारण मध्यावर एकच कुंपण घातलेले असते. कुंपणाच्या अलीकडचे सारे आवाज त्याला एकच वाटतात, पलीकडचेही एकच. पट्टीवरून समान पावले टाकत जा. कुंपण ओलांडेपर्यंत ऐकणाऱ्याला फरक जवळजवळ जाणवत नाही आणि ओलांडताच अक्षर एकदम बदलते. आपल्या ‘ब’ आणि ‘भ’ च्या बाबतीत तर ही पट्टीच अपुरी पडते, कारण दोन्हींत थरथर आधीच सुरू झालेली असते. फरक असतो तो ओठ उघडल्यानंतरच्या श्वासमिश्रित आवाजात, आणि तो मोजायला निराळेच माप लागते.

ही कुंपणे कधी पडतात? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये याचे उत्तर दिले आणि त्यासाठी त्यांनी हिंदीतले दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ वापरले. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक छान ऐकू येत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ ऐकू येईनासा झाला होता. बाळ पहिले वाक्य बोलण्याच्या कितीतरी आधी, घरात ज्याचा उपयोग नाही तो फरक मेंदू बाजूला टाकतो. हा मेंदूचा दोष नाही. आपल्या भाषेचे शब्द भराभर ओळखता यावेत म्हणून केलेली ती काटकसर आहे.

आता अरबी घ्या. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. पहिला ‘क़’ पडजिभेपाशी उच्चारला जातो, दुसरा आपल्या ‘क’ च्या जागी. इंग्रजी कानाला इथे कुंपणच नाही. त्यात आवाज खरखरत्या फोनवरचा, बोलणारा घाईत आणि पुन्हा विचारायची सोय नाही, अशा परिस्थितीत गुप्तवार्ता विभागातल्या माणसाला हा फरक ओळखायचा असतो.

मोठेपणी नवे कुंपण घालता येते, ही यातली आनंदाची गोष्ट. जपानी प्रौढांना इंग्रजीतला ‘र’ आणि ‘ल’ वेगळा ऐकू येत नाही, हे प्रसिद्धच आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास त्यांना काही आठवडे रोज थोडा वेळ शब्दांच्या जोड्या ऐकवल्या आणि उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगितले. फरक ऐकू येऊ लागला आणि पुढे काही महिने टिकलाही. पण एक अट होती. आवाज अनेक माणसांचे असावे लागत. एकाच माणसाचा आवाज ऐकून तयार झालेले लोक नव्या माणसापुढे अडखळत, कारण त्यांनी ध्वनी शिकण्याऐवजी तो एक आवाजच पाठ केलेला असे. म्हणून भाषेच्या वर्गाला ती भाषा जन्मापासून बोलणारे बरेच शिक्षक लागतात, आणि सरकारी निधी अशा माणसांवरही खर्च होतो.

‘झोपेत ऐका आणि भाषा शिका’, ‘तीस दिवसांत अस्खलित’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी एक आकडा. जगभर वकिलाती चालवणाऱ्या अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या अनुभवानुसार इंग्रजी भाषकाला कामापुरते स्पॅनिश यायला ६०० ते ७५० तासांचा वर्ग लागतो, हिंदीला सुमारे ११०० तास, तर अरबी, चिनी, जपानी आणि कोरियन यांना २२००. झोपेत आधीचा अभ्यास पक्का होतो हे खरे, पण हे तास जागेपणीच भरावे लागतात.

भाषा रक्तातून येते हाही असाच गैरसमज. १९४१ मध्ये अमेरिकी लष्कराने जपानी वंशाच्या आपल्या सुमारे ३,७०० सैनिकांची जपानी भाषा तपासली, तेव्हा खरोखर प्रवीण निघाले जेमतेम ३ टक्के. म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत विमानांच्या एका रिकाम्या शेडमध्ये ६० विद्यार्थ्यांची शाळा सुरू करावी लागली. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा वर्ग चालू होऊन पाच आठवडे झाले होते.

मोबाइलच्या अनुवादाची मदत होते, यात शंका नाही. पण यंत्रालाही शिकायला तासन्‌तास ध्वनिमुद्रणे आणि त्यांचा अचूक लेखी मजकूर लागतो. इंग्रजी-स्पॅनिशचा असा साठा प्रचंड आहे. पश्तू किंवा सोमालीचा फार थोडा, त्यांच्या बोलींचा तर त्याहून कमी. सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या कितीतरी भाषा यांतच मोडतात, आणि यंत्राची चूक पकडायलाही ती भाषा येणारा माणूस हवाच.

पैशाचा इतिहास मात्र धक्क्यांचा आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि सप्टेंबर १९५८ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला. परकीय भाषा केंद्रांचा निधी त्यातलाच. १९९१ च्या कायद्याने शिष्यवृत्तीच्या बदल्यात सरकारी सेवेची अट घातली. २००६ मध्ये ‘सुरक्षेसाठी भाषा’ म्हणून नवी मोहीम निघाली आणि तिच्यात हिंदी-उर्दूही आल्या. मग २०११ मध्ये विद्यापीठांतल्या केंद्रांच्या निधीत सुमारे ४० टक्के कपात झाली. केंद्र बंद पडले की शिक्षक पांगतात. पुन्हा पैसे आले तरी ते लगेच परतत नाहीत.

१२ सप्टेंबर २००१ ला एखाद्याने कोरी पाटी घेऊन परराष्ट्र खात्याचा ८८ आठवड्यांचा अरबी अभ्यासक्रम सुरू केला असता आणि एकही आठवडा सुट्टी घेतली नसती, तर तो संपला असता मे २००३ मध्ये. अमेरिकी सैन्य इराकमध्ये शिरले त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. २००६ च्या अखेरीस इराकविषयीच्या, दोन्ही पक्षांच्या अभ्यासगटाने बगदादच्या अमेरिकी वकिलातीतली माणसे मोजली: एक हजारांत अरबी येणारे ३३, आणि त्यांतले अस्खलित सहा. वर्गात शिकवली जाते ती प्रमाण अरबी. तिच्यात ‘तो म्हणाला’ याला ‘क़ाल’ म्हणतात. पडजिभेपाशी तो ‘क़’ बसवायला विद्यार्थ्याचे कितीतरी दिवस जातात, आणि बगदादच्या रस्त्यावरच्या बोलीत त्याच्या कानी पडते ‘गाल’.