मुदतीआधी सोडलेले घर आणि उरलेले भाडे : एका नियमाची पार्श्वभूमी

ठराविक मुदतीच्या करारावर घेतलेले घर मुदत संपण्याआधी सोडले, तर उरलेल्या महिन्यांचे भाडे कोणी सोसायचे, हा वाद आजच्या सदनिकांहून पुष्कळ जुना आहे. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ.स. 533 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायजेस्ट’ या रोमन कायद्याच्या संकलनात पॉलस या विधिज्ञाचे मत नोंदलेले आहे, की पटण्याजोगे कारण नसताना भाड्याची जमीन मुदतीआधी सोडणाऱ्याकडून पूर्ण मुदतीचे भाडे मागता येते. त्याच संकलनात अपवादही आहेत. शेजाऱ्याच्या बांधकामामुळे खोल्यांचा उजेड अडला, तर भाडेकरूला करार सोडण्याची मुभा होती. कोणी भीतीपोटी घर सोडले असेल, तर धोका खरोखर होता की नाही यापेक्षा भीती वाटण्यास सबळ कारण होते का, हे पाहिले जाई.

इंग्लिश कायद्याने मात्र बंधनावर भर दिला आणि अपवादांना फारशी जागा ठेवली नाही. याचे मूळ भाडेपट्ट्याच्या कल्पनेत आहे. पट्टा म्हणजे ठराविक वर्षांपुरते मालमत्तेचे हस्तांतरण, आणि ते एकदा झाले की जमिनीचे पुढे काय होते ती जोखीम पट्टेदाराची, असे तेथे मानले जाई. ‘पॅराडाइन विरुद्ध जेन’ या 1647 च्या खटल्यात पट्टेदाराला यादवी युद्धात राजपुत्र रुपर्टच्या सैन्याने जमिनीवरून हुसकावून लावले होते; तरीही भाडे देण्याचे वचन बिनशर्त असल्याने ते त्याने दिलेच पाहिजे, असा निकाल लागला. त्यानंतर 1677 च्या कायद्याने पट्टा सोडण्यासाठी लेखी दस्ताची अट घातली आणि दोन्ही पक्षांच्या वर्तनावरून पट्टा संपल्याचे कायद्यानेच मानावे, एवढीच पळवाट ठेवली. चावी परत केली म्हणजे आपण मोकळे झालो, हा समज इथेच फसतो : चावी देणे हा केवळ प्रस्ताव असतो, आणि मालकाने तो स्पष्टपणे किंवा आपल्या कृतीतून स्वीकारल्याखेरीज जबाबदारी संपत नाही.

अमेरिकेतील न्यायालयांनी हाच वारसा पुढे चालवला, पण त्याला हळूहळू मुरडही घातली. न्यूयॉर्कमध्ये 1826 मध्ये असे ठरले, की मालकाच्याच वर्तनामुळे घरात राहणे अशक्य झाले आणि भाडेकरू निघून गेला, तर तो प्रत्यक्ष हाकलला गेल्यासारखाच समजावा आणि त्याच्याकडून भाडे मागू नये. खरा बदल मात्र शहरी सदनिकांच्या काळात झाला. शेतजमिनीच्या पट्टेदाराला जमीन हवी असे. सदनिकेत राहणाऱ्याला पाणी, उष्णता आणि दुरुस्ती यांसह राहण्याजोगे घर हवे असते. वॉशिंग्टनमधील केंद्रीय अपील न्यायालयाने 1970 मध्ये हा फरक मान्य करून निवासी भाडेपट्ट्याकडे करार म्हणून पाहिले. आणि करार म्हटला की त्याच्याबरोबर करारभंगाचा साधा नियमही आला : नुकसान झालेल्या पक्षाने ते वाढू न देण्याचा वाजवी प्रयत्न केला पाहिजे.

त्याची कसोटी न्यू जर्सीत लागली. ठरलेले लग्न मोडल्यामुळे एका तरुणाने 1972 च्या मे महिन्यात, म्हणजे दोन वर्षांचा पट्टा सुरू झाला त्याच महिन्यात, आपण राहायला येऊ शकत नाही असे मालकाला पत्राने कळवले आणि भरलेली रक्कम ठेवून घेण्यासही सांगितले. मालकाने उत्तर दिले नाही. तीच सदनिका घेण्यास तयार असलेल्या दुसऱ्या व्यक्तीलाही ती आधीच भाड्याने दिली असल्याचे सांगून परत पाठवण्यात आले, आणि नंतर जवळपास दोन वर्षांच्या भाड्यापोटी 7,590 डॉलरचा दावा लावला गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये 1934 चा जुना निकाल बाजूला सारला आणि सदनिका पुन्हा भाड्याने देण्याचा वाजवी प्रयत्न करणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले. त्या मालकाचे वागणे पाहता हा निकाल एवढा उशिरा यावा, याचेच अधिक आश्चर्य वाटते. तरीही सर्व राज्ये एकाच वेगाने चालली नाहीत. न्यूयॉर्कमध्ये निवासी घरांसाठी हे कर्तव्य कायद्यात यायला 2019 उजाडले.

युरोपातील काही देशांनी न्यायालयांची वाट न पाहता थेट सूचनेचा कालावधीच ठरवून दिला. जर्मनीत 2001 च्या सुधारणेनंतर बेमुदत करारावर राहणारा भाडेकरू, तो कितीही वर्षे राहिला असला तरी, साधारण तीन महिन्यांच्या सूचनेवर घर सोडू शकतो. स्पेनमध्ये 2013 पासून सहा महिने राहून झाल्यावर 30 दिवसांची सूचना पुरते.

न्यू जर्सीच्या निकालाने भाडेकरूला पूर्ण मोकळे केले, असे मात्र नाही. वाजवी प्रयत्न करूनही सदनिका रिकामी राहिली, तर त्या काळाचे भाडे जुन्या भाडेकरूकडेच येते, आणि नवा भाडेकरू कमी दराने आला तर फरकाची रक्कमही त्याच्याकडून मागता येते. प्रयत्न केले हे सिद्ध करण्याचा भार मात्र न्यायालयाने मालकावर टाकला, कारण सदनिका कोणाला दाखवली आणि जाहिरात दिली की नाही, हे सांगण्याच्या अधिक चांगल्या स्थितीत तोच असतो.