अमेरिकन हायस्कुलांतील आधुनिक अमेरिकन इतिहासाचे अध्यापन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यादवी युद्धानंतरचा (म्हणजे १८६१–६५ च्या उत्तर-दक्षिण युद्धानंतरचा) देशाचा इतिहास हायस्कुलात, बहुतेक ठिकाणी अकरावीच्या वर्षी, शिकवला जातो. ‘आधुनिक’ कालखंडाची सुरुवात म्हणून पुष्कळ राज्ये १८७७ हे साल धरतात. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज यांच्या वादग्रस्त निवडणुकीचा तिढा सुटला आणि दक्षिणेतील राज्य सरकारांच्या पाठीशी उभ्या असलेल्या केंद्रीय फौजा मागे घेण्यात आल्या.

देशाला एकच अभ्यासक्रम नाही. बालभारतीचे एक पुस्तक राज्यभर पाहण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट चटकन पटत नाही. शिक्षण हा राज्यांचा विषय आहे आणि राज्यांनीही बरेच अधिकार स्थानिक शाळामंडळांकडे सोपवले आहेत. टेक्सासमध्ये १८७७ पर्यंतचा भाग आठवीत आणि त्यापुढचा हायस्कुलात येतो. न्यूयॉर्कमध्ये वसाहतकाळापासून आजपर्यंतचा सारा पट अकरावीच्या एका वर्षात बसवतात आणि शेवटी ‘रीजंट्स’ ही राज्यस्तरीय परीक्षा असते. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत अमेरिकन इतिहासाची दोन वर्षे सक्तीची आहेत.

१८७७ चा हा सांधा दिसतो तितका साधा नाही. मुक्त झालेल्या गुलामांना नागरिकत्व आणि मताधिकार देणारा पुनर्रचनेचा काळ (१८६५–७७) नेमका त्या सांध्यावर येतो. आठवीत तो वर्षाच्या अखेरीस घाईत उरकला जातो आणि हायस्कुलात ‘हे तुमचे झालेले आहे’ असे धरून पुढे जातात. जेथे तो शिकवला गेला, तेथेही दीर्घकाळ एकाच बाजूने शिकवला गेला. कोलंबिया विद्यापीठातील इतिहासकार विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे मांडले, की काळ्यांना मताधिकार देणे ही चूक होती आणि पुनर्रचना म्हणजे निव्वळ अंदाधुंदी होती. हे मत शालेय पुस्तकांत कित्येक दशके टिकून राहिले. काळे विचारवंत आणि इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९३५ मध्ये पुनर्रचनेवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या अखेरच्या प्रकरणात त्या पाठ्यपुस्तकांची झडती घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात त्याच कोलंबियात शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले, अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतील काळ्यांच्या स्थितीतले साम्य त्यात नोंदवले आणि काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांना सादर झालेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या.

पुढचा क्रम ठरलेला असतो : उद्योगांची वाढ व स्थलांतरे, महायुद्धे, महामंदी व तिच्यावरचा सरकारी उपाय असलेली न्यू डील, शीतयुद्ध, नागरी हक्कांची चळवळ, व्हिएतनाम, अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणारे वॉटरगेट प्रकरण. ही जंत्री पाठ करून परीक्षेपुरते भागते. विषयाचा खरा कस मूळ कागदपत्रे वाचण्यात लागतो. महाविद्यालयीन पातळीचा ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ अभ्यासक्रम (विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘एपुश’) कॉलेज बोर्ड ही संस्था चालवते. त्याच्या परीक्षेत १९७३ पासून ‘डीबीक्यू’ हा कागदपत्रांवर आधारित प्रश्न असतो. सध्या त्यात सात कागद दिलेले असतात, वेळ एक तासाचा असतो आणि एकूण गुणांपैकी २५ टक्के त्यावर असतात. विद्यार्थ्याने त्या कागदांतून स्वतःचा युक्तिवाद उभा करायचा असतो.

दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबले, हा प्रसंग अशा वाचनासाठी फार चांगला आहे. फेब्रुवारी १९४२ चा अध्यक्षीय आदेश क्र. ९०६६ वाचला तर त्यात ‘जपानी’ हा शब्दच सापडत नाही. मग छायाचित्रकार डोरोथिया लँग यांची सरकारसाठी काढलेली छायाचित्रे येतात. त्यांतली बरीच युद्धकाळात दाबून ठेवली होती. हा हुकूम न मानणाऱ्या फ्रेड कोरेमात्सू यांच्या १९४४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी बहुमताच्या वतीने सरकारची बाजू उचलून धरली, तर फ्रँक मर्फी यांनी भिन्नमतपत्रात त्या कृतीला वंशवाद म्हटले. शेवटी १९८८ चा माफीचा आणि हयात पीडितांना प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचा कायदा. हे कागद एकापुढे एक मांडले की सोळा वर्षांच्या मुलालाही आदेशाची भाषा आणि त्याची अंमलबजावणी यांतले अंतर दिसते. इतिहास-शिक्षणाचे अभ्यासक सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ च्या संशोधनात इतिहासकार आणि हायस्कूलचे विद्यार्थी यांची वाचनाची रीत ताडून पाहिली. इतिहासकार आधी कागद कोणी व कधी लिहिला हे पाहत. मुले थेट मजकुराला हात घालत. हा फरक मिटवणे हेच या विषयाचे सर्वांत मोलाचे काम आहे, मग सनावळ्या थोड्या मागे पडल्या तरी चालेल.

कोणता भूतकाळ शिकवावा, यावर भांडणे सतत चालू असतात. १९९४ मध्ये ऐच्छिक राष्ट्रीय इतिहास-मानके प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांत देशाचे काळे चित्र रंगवल्याचा आरोप झाला आणि जानेवारी १९९५ मध्ये सिनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी त्यांचा निषेध केला. २०१४ मध्ये कोलोरॅडोतील जेफरसन काउंटीत देशप्रेम व अधिकाराविषयी आदर वाढवणारे, नागरी अशांततेला उत्तेजन न देणारे साहित्य असावे, असा प्रस्ताव शाळामंडळापुढे आला. शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. त्यांच्या पुस्तकातील, १७७३ मध्ये ब्रिटिश कराच्या निषेधार्थ बॉस्टनच्या बंदरात चहा फेकणारे लोक तरी दुसरे काय करत होते? २०२१ पासून टेक्सास, ओक्लाहोमा आदी राज्यांनी वंशविषयक अध्यापनावर कायद्याने बंधने घातली. उलट इलिनॉय (२०२१) आणि न्यू जर्सी (२०२२) यांनी आशियाई-अमेरिकनांचा इतिहास शिकवणे सक्तीचे केले.

सुरुवातीला पुनर्रचना निसटते, तशी शेवटी अलीकडची दशके निसटतात. मे महिन्यातील परीक्षा जवळ येते तेव्हा बऱ्याच वर्गांत व्हिएतनामच चालू असते. आजच्या विद्यार्थ्याच्या जन्माआधी घडलेला २००१ चा हल्ला एखाद्या तासात संपतो. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी स्थलांतरिताच्या खटल्यात भारतीयांना अमेरिकन नागरिकत्व नाकारले गेले, १९४६ मध्ये ते खुले झाले पण वर्षाला फक्त १०० भारतीयांना प्रवेश होता, आणि १९६५ च्या कायद्याने देशवार कोटे गेले, ही साखळी क्वचितच सलग मांडली जाते. परीक्षेनंतर उरलेल्या दिवसांत काही शिक्षक घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत घेऊन यायला सांगतात. १९६५ नंतर आलेल्या मराठी घरांत हा गृहपाठ बहुधा आजोबांच्या वाट्याला येतो : कोणत्या साली आलात, कोणत्या व्हिसावर, आणि पहिली नोकरी कुठे मिळाली.