शहर आणि सर्जनशील मनुष्यबळ (ठाणे–नवी मुंबई)

लेखक, नट, चित्रकार, संगीतकार, वास्तुरचनाकार, संकलक, डिझायनर अशा कल्पनेच्या बळावर पोट भरणाऱ्या माणसांना शहराने आपल्याकडे ओढणे आणि ती तिथेच रुजावीत अशी सोय करणे, हा नगरविकासाचा एक स्वतंत्र विषय झाला आहे. अमेरिकी अभ्यासक रिचर्ड फ्लोरिडा यांनी २००२ मध्ये ‘सर्जनशील वर्ग’ ही कल्पना मांडली आणि असा वर्ग तंत्रज्ञान, प्रतिभा व सहिष्णुता यांच्या आधाराने शहरात जमतो असे सांगितले. अशा वस्तीला मागणी आली की भाडी चढतात आणि ज्यांच्यामुळे ती नावारूपाला आली त्यांनाच बाहेर पडावे लागते, हा त्यातला मोठा दोष. पुढे फ्लोरिडांनीही या विषमतेवर सविस्तर लिहिले.

युनेस्कोने २०१९ मध्ये मुंबईला सर्जनशील शहरांच्या जाळ्यात ‘चित्रपटनगरी’ म्हणून स्थान दिले. पण मुंबईत काम करणाऱ्या कलावंतांपैकी कितीतरी जण रात्री घरी जातात ते ठाणे, डोंबिवली, पनवेलला. म्हणून हा विषय ठाणे–नवी मुंबईच्या बाजूने पाहायला हवा.

ठाण्यात कलावंत आले ते मुख्यतः घरासाठी. गिरगाव, दादर, परळच्या खोल्या अपुऱ्या पडल्या तशी मराठी कुटुंबे रेल्वेच्या कडेकडेने सरकत गेली. ठाण्यापर्यंत गाडी तर १६ एप्रिल १८५३ पासूनच होती. आल्यावर त्यांना वाचनाची व नाटकाची जाण असलेले गाव मिळाले. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन १९७८ मध्ये सुरू झाले आणि नाटक पाहायला दादर गाठण्याची गरज उरली नाही. घोडबंदर रस्त्यावर मालिकांचे सेट उभे राहिले तेव्हा बारा-बारा तासांची शिफ्ट करणाऱ्यांनी जवळपास घरे घेतली. पॅकअपनंतर अर्ध्या तासात घरी पोहोचता येणे ही साधी गोष्ट नाही. लहान मूल असलेल्या अभिनेत्रीचे काम चालू राहते की सुटते, ते कित्येकदा तेवढ्यावर ठरते.

टिकवण्याचा प्रश्न मात्र तालमीच्या जागेपाशी अडतो. हौशी संस्थेची एकांकिका स्पर्धेला निघते तेव्हा मंडळी नोकरीवरून सुटून आठ वाजता जमतात. शाळेचा वर्ग मिळाला तर बाक भिंतीला लावून, खडूने रंगमंचाची चौकट आखून तालीम सुरू होते. साडेनऊला शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभा राहतो. सोसायटीच्या हॉलमध्ये आवाजाची तक्रार येते. मग उरलेला प्रवेश गच्चीवर, हळू आवाजात. मोठ्या नाट्यगृहाइतकीच अशा दोन-तीनशे चौरस फुटांच्या, रात्री अकरापर्यंत उघड्या खोल्यांची शहराला गरज आहे, आणि त्या बांधायला फार पैसा लागत नाही. मानपाड्याच्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात मुख्य प्रेक्षागृहाबरोबर लहान रंगमंचही आहे. प्रायोगिक नाटकांना अशीच जागा परवडते. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची (राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची) पहिली औद्योगिक वसाहत. तिथल्या जुन्या गाळ्यांची उंच छपरे नेपथ्याच्या किंवा शिल्पाच्या कामाला उत्तम, पण गाळा कलावंताच्या भाड्यात बसला तर.

नवी मुंबईची गोष्ट निराळी. हे शहर आधी कागदावर आखले गेले. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात कल्पना मांडली, १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको या महामंडळाची स्थापना झाली. पुढे बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी कोरियांच्या आराखड्यावर जी वसाहत झाली तिचे नावच ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’. सात-सात घरे एका चौकाभोवती, असे तीन चौक मिळून थोडे मोठे अंगण. शेजारच्या घराशी भिंत सामायिक नाही, त्यामुळे कोणी कामासाठी खोली वाढवायची ठरवली तर शेजाऱ्याच्या भिंतीला हात लावावा लागत नाही. बांधकामही स्थानिक गवंड्याला जमेल असे. आज कौलारू घरे थोडी उरली आहेत, त्यांच्या जागी काँक्रीटचे मजले चढले आहेत. अनेकांना त्याची हळहळ वाटते. तरीही घर माणसाबरोबर वाढावे हे मूळ सूत्र मोलाचे आहे, कारण कलावंताची मिळकत एकसारखी नसते. हातात पैसे येतील तशी भिंत उभी करता आली, तर तो गाव सोडत नाही.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. शहराचे नाव जगभर झाले, हॉटेले भरली. कोपरखैरण्यात राहून गाणे शिकवणाऱ्या मुलीला मात्र शंभर श्रोत्यांची, माफक भाड्याची जागा हवी असते. वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह तिच्यासाठी फार मोठे, आणि घराची बैठकीची खोली फार लहान.