भग्न वीटकाम (लष्करी डायोरामातलं)

युद्धात पडझड झालेल्या विटांच्या इमारतीची स्केलप्रमाणे केलेली प्रतिकृती. रणगाडा, तोफ, सैनिकांचे पुतळे ज्या छोट्या देखाव्यात मांडतात त्याला डायोरामा म्हणतात आणि ही पडकी इमारत त्या देखाव्याची मागची बाजू सांभाळते, कधीकधी तर तीच मुख्य असते आणि रणगाडा नुसता सोबतीला. दुसऱ्या महायुद्धातलं स्टालिनग्राड (आजचं व्होल्गोग्राड) हा यातला फार आवडता विषय, म्हणून इथली उदाहरणं बहुतेक तिथलीच आहेत.

डायोरामा हा शब्द पॅरिसचा. १८२२ साली दागेर आणि बुताँ या चित्रकारांनी मोठमोठ्या रंगवलेल्या पडद्यांवर प्रकाश बदलत दाखवायचा खेळ सुरू केला, त्याचं हे नाव, छोट्या मॉडेलशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता. युद्धाच्या देखाव्याचं मूळ काहीजण विल्यम सायबोर्नच्या वॉटर्लूच्या मॉडेलपर्यंत नेतात, ते १८३८ मध्ये लंडनला लोकांसमोर आलं. पण त्याचं प्रमाण मैलाला ९ फूट, म्हणजे साधारण १:५९० धरा, आणि त्या मापात अख्खी वीट अर्ध्या मिलिमीटरचीसुद्धा होत नाही. त्यामुळे वीट न् वीट दाखवणाऱ्या आजच्या कामाचा पूर्वज म्हणून ते धरणं ताणल्यासारखं वाटतं. प्लास्टिक किट आल्यानंतरचा काळ, म्हणजे १९६० नंतरचा, हीच सुरुवात जास्त पटते. अमेरिकन मॉडेलर शेपर्ड पेनने मोनोग्राम कंपनीच्या किटसोबत येणाऱ्या पत्रकांमधून १९७० च्या दशकात डायोरामा घराघरात नेला, पुढे बेल्जियमच्या फ्रान्स्वा वर्लिंडेनने त्याला लागणारं सामान विकायला काढलं.

१:३५ हे स्केल (मॉडेल खऱ्या वस्तूच्या पस्तिसाव्या भागाएवढं) कुठून आलं यावरही बोललं जातं आणि ते इथे महत्त्वाचं आहे कारण विटेचं माप त्यावरच ठरतं. जपानच्या तामिया कंपनीचा मोटरवर चालणारा पँथर रणगाडा १९६१ च्या अखेरीस किंवा १९६२ च्या सुरुवातीला बाजारात आला. आत बॅटऱ्या आणि मोटर मावली पाहिजे म्हणून त्याचा आकार तेवढा ठेवला आणि नंतर मोजून बघितलं तर ते साधारण १:३५ निघालं, असं कंपनीकडूनच सांगितलं गेलंय. काहींच्या मते आधीपासून चालत आलेल्या १:३२ च्या जवळ जायचा हा प्रयत्न असावा, पण कंपनीचं स्वतःचं सांगणं सोडून तिकडे जायला तसं कारण दिसत नाही.

आता वीट. सोव्हिएत प्रमाण वीट २५०×१२०×६५ मिमी, हे माप १९२० च्या दशकाच्या अखेरीस पक्कं झालं असं धरतात. १:३५ मध्ये ती होते ७.१×३.४×१.९ मिमी. झारच्या काळातली वीट थोडी मोठी, लांबीला २६७ मिमीच्या आसपास, म्हणजे मॉडेलवर ७.६ मिमी. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, एका विटेत कळणारही नाही, पण ४० विटांच्या रांगेत २ सेंटिमीटरचा होतो आणि मग खिडक्यांचा हिशोब चुकतो. स्टालिनग्राडची प्रसिद्ध लाल गिरणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, तिला जुनं माप. तिच्या समोरचं पावलोव्हचं घर (सोव्हिएत सैनिकांनी लढवलेली इमारत) १९३० च्या दशकातलं, त्याला नवं. विटांमधला सांधा १ सेंटिमीटरचा असतो, तो मॉडेलवर ०.३ मिमीसुद्धा भरत नाही. बॉलपेनने दाबून काढलेले सांधे म्हणूनच जाडजूड दिसतात, टोकदार सुई किंवा पेन्सिलची बारीक रेघ बरी.

यापेक्षा मोठी चूक असते ती भिंतीच्या जाडीची. रशियातल्या थंडीमुळे बाहेरच्या भिंती दोन किंवा अडीच विटांच्या असायच्या, ५१ किंवा ६४ सेंमी. मॉडेलवर त्या १४.६ आणि १८.३ मिमी होतात. बर्लिनच्या जुन्या चाळींमध्ये वरच्या मजल्यांना ३८ सेंमी आणि खाली येताना भिंत जाड होत जाते. तयार व्हॅक्यूम-फॉर्म किटमध्ये, म्हणजे तापवलेला प्लास्टिकचा पातळ पत्रा साच्यावर ओढून केलेल्या किटमध्ये (कीव्हची मिनिआर्ट कंपनी अशी किटं काढायची) पातळ पत्र्यासारखे दोन अर्धे भाग जोडायचे असतात, त्यामुळे तुटलेली कड पोकळ राहते आणि ती आतून भरून विटांचे थर कोरले नाहीत तर अख्खी इमारत पुठ्ठ्याची वाटते. शिवाय एवढ्या जाड भिंतीत सगळ्या विटा लांब बाजूने दिसणं शक्यच नाही, आतला आणि बाहेरचा पदर बांधून ठेवायला मधे मधे विटा आडव्या घालाव्या लागतात आणि त्यांची टोकं बाहेर दिसतात. नुसत्या लांब विटांची भिंत म्हणजे अर्ध्या विटेचं पार्टिशन, त्यावर चार मजले उभे राहात नाहीत.

म्हणून इमारत आधी धडधाकट बांधायची आणि मग पाडायची, निदान कागदावर तरी, हा क्रम सोडू नये. राडारोड्याचा हिशोबही त्यातूनच निघतो. एका घनमीटर वीटकामात साधारण ३९४ विटा बसतात, म्हणजे ५१ सेंमी भिंतीच्या एका चौरस मीटरला २०० च्या आसपास. भिंतीला ३ मीटर बाय ३ मीटरचं भगदाड पडलं तर १८०० विटा कुठेतरी पडलेल्या असणार. मॉडेलवर हे भगदाड जेमतेम साडेआठ सेंटिमीटरचं चौकोन आणि त्याखाली बरेचजण मूठभर विटा टाकून मोकळे होतात! बाकीच्या १७०० गेल्या कुठे? ढीग सैल असतो, चुन्याचा चुरा, गिलावा, वासे, कौलं मिसळून तो मूळ भिंतीपेक्षा जास्त जागा खातो. आतून फोमचे तुकडे रचून वर विटा पसरल्या तरी चालतं, फक्त उंची कमी पडायला नको.

भिंत पडते तीही सांध्यांवरून, पायऱ्या पायऱ्यांनी तिरकी, खिडकीवरची कमान बऱ्याचदा टिकून राहते. चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या विटा सुट्या होतात, सिमेंटच्या भिंतीची चार-सहा विटांची ढेकळं पडतात. आगीत लाकडी मजले जळून गेले तर बाहेरच्या भिंती नुसत्या उभ्या राहतात आणि आतल्या बाजूने तुळयांची भोकं एका ओळीत दिसतात, खिडक्यांच्या वर काजळीच्या जिभा. लाल गिरणी एवढे तडाखे खाऊन उभी राहिली त्यामागे आतला काँक्रीटचा सांगाडा आहे. आजही ती तशीच जपून ठेवलीय त्यामुळे फोटो भरपूर मिळतात, मोजमाप काढायला याहून चांगली इमारत नाही. पावलोव्हचं घर (५८ दिवस लढवलं गेलं) मात्र युद्धानंतर नव्याने बांधलं, तिथे स्मारक म्हणून पडक्या विटांचा एक भाग ठेवलाय. सोव्हिएत काळातल्या बऱ्याच इमारतींना बाहेरून गिलावा होता, वीट फक्त तो उडाला तिथेच दिसायची, हे विसरलं जातं. आणि फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा देखावा असेल तर काँ शहराच्या आसपास घरं चुनखडीच्या दगडाची, तिथे लाल विटांचं गाव उभं करू नये.

साहित्यात प्लास्टर ऑफ पॅरिस जुनं आणि अजूनही भरवशाचं. स्लॅब ओतून तो हाताला गार लागतो तोवर कोरायचा, पूर्ण वाळला की सुई घसरते आणि कडा ढपलते. त्याचा मोठा फायदा म्हणजे तो खरोखर तुटतो, फोडलेली कड चाकूने कापलेल्या कडेपेक्षा कधीही चांगली. दाट एक्सपीएस फोम (थर्माकोलच्याच जातीचा, पण दाणे नसलेला) हलका पडतो आणि विटा एकेक कापून काढता येतात. आपल्याकडचा नेहमीचा थर्माकोल दाण्यांचा असतो, त्यावर वीट कोरता येत नाही, आणि स्प्रे पेंट मारला तर दोन्ही फोम विरघळतात, आधी फेविकॉलचा हात द्यावा.

रंगाला एकच विटकरी चालत नाही. चार-पाच छटा करून सुट्या सुट्या विटा रंगवायच्या, मग सांध्यात फिकट राखाडी पातळ रंग सोडायचा. गोळी लागलेल्या जागी आतली वीट ताजी, उजळ नारिंगी. शेवटी धूळ, आणि ती फक्त इमारतीवर नाही तर रणगाड्याच्या पट्ट्यांवर, सैनिकांच्या बुटांवर, सगळीकडे एकाच रंगाची.

१:७२ मध्ये वीट ३.५ मिमीची होते, तिथे कोरण्यापेक्षा छापील किंवा उठावाचा कागद वापरतात.

महाराष्ट्रात दिवाळीचे किल्ले ही याच जातीची जुनी हौस, माती-दगडाची. पेणच्या गणपती कारखान्यांमुळे प्लास्टरचं काम जाणणारे हातही इथे आहेत. पावसाळ्यात मात्र स्लॅब वाळायला जास्त दिवस लागतात आणि एमडीएफचा (लाकडाच्या दाबीव भुश्याच्या फळीचा) पाया ओल धरून फुगतो, त्याला खालून-वरून दोन्ही बाजूंनी वॉर्निश द्यावं लागतं.