गाय गाभडली तर आधी हात सांभाळा
आमच्या गोठेवाल्या ग्राहकांसाठी

गाय-म्हैस पाच-सहा महिन्यांच्या पुढे गाभ टाकते, वार अडकते आणि आपण बाही वर करून उघड्या हाताने ती ओढायला बसतो. ब्रुसेला नावाचा जिवाणू माणसात शिरतो तो बऱ्याचदा अशा वेळी. मेलेलं वासरू, वार आणि सोबतचं पाणी यांत तो भरपूर असतो. हाताला साधं खरचटलेलं असलं तरी पुरतं, डोळ्यात शिंतोडा उडाला तरीही लागण होते.

फसगत पुढे होते. असं जनावर बहुधा एकदाच गाभडतं. पुढच्या वेताला नीट वितं, दूध देतं, अंगानं धडधाकट दिसतं. मालक विसरून जातो, जिवाणू मात्र कासेत राहतो आणि दुधातून येत राहतो. म्हणून धारोष्ण दुधाचं कौतुक आम्हाला पटत नाही, तालमीतल्या पोरांनी कितीही सांगितलं तरी. दूध उकळलं की धोका संपला. उकळलेल्या दुधाचं दही-ताक बिनधास्त खा. चिकाचा खरवसही चांगला वाफवलेला असेल तर हरकत नाही. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना याच जिवाणूचा ताप यायचा. लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली जिवाणू शोधला. पुढे १९०६ साली सैनिकांचं शेळीचं कच्चं दूध बंद केलं, तेव्हा कुठे रोगी झपाट्याने कमी झाले.

माणसाला ताप येतो-जातो, रात्री घामानं कपडे भिजतात, कंबर आणि सांधे धरतात. पुरुषांच्या वृषणाला सूज येऊ शकते. लागण झाल्यावर कधी आठवड्याभरात, तर कधी दोन महिन्यांनी हे सुरू होतं. त्यामुळे टायफॉइड समजून औषध चालू होतं, ताप उतरतो आणि परत येतो. डॉक्टरांना एवढं आठवणीनं सांगा: "घरी जनावरं आहेत, मध्यंतरी एक गाभडलं होतं." मग ते रक्ताची वेगळी तपासणी सांगतील. उपचार सहसा दोन अँटिबायोटिक एकत्र, निदान सहा आठवडे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं तर दुखणं उलटतं.

गाभडलेलं वासरू आणि वार कुत्र्यांपुढे किंवा ओढ्यात टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. गरोदर बाईला या कामाला लावू नका. खांद्यापर्यंतचे हातमोजे दुकानात आहेत, पण रात्री-अपरात्री नसले तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. काम झालं की साबणानं कोपरापर्यंत धुवा.

एक वेगळी गोष्ट: जनावर अचानक मेलं आणि नाका-गुदातून न गोठणारं काळं रक्त आलं, तर तो फाशी (अँथ्रॅक्स) हा रोग असू शकतो. कातडं सोलू नका, चिरू नका, थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

ब्रुसेलाची लस आमच्याकडे मागू नका. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशीच्या मादी वासरांना ती सरकारी मोहिमेत फुकट आणि आयुष्यात एकदाच देतात. नर आणि गाभण जनावरांना देत नाहीत. लस जिवंत जिवाणूची आहे. टोचताना सुई चुकून माणसाला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.